एक्केचाळीस नंबर

इदाल्मिस फ्रोमेताने एकोणीस वर्षं ओळखपत्रांच्या कचेरीत काढली होती. खिडकीपलीकडे माणूस येऊन उभा राहिला की ती आधी त्याचा अकरा आकडी नंबर विचारायची, नाव मागाहून. नावांचं काय, हवानातल्या सांतोस सुआरेस मोहल्ल्याच्या एकाच गल्लीत सारख्या नावाची तीन-तीन माणसं निघतात. कुणी लग्नात नाव बदलतं, कुणी रागाने बापाचं आडनाव टाकून देतं. नंबर मात्र जन्माला चिकटतो तो मातीपर्यंत. ‘नाव माणूस सांगतो, नंबर माणसाला सांगतो,’ असं ती नव्या कारकुनांना शिकवायची, आणि ते वाक्य आपल्याला सुचलं याचा तिला अभिमान होता.

गुडघे गेले तशी तिने नोकरी सोडली. त्याच सुमाराला तिचा मुलगा अर्नेल गच्च्यांवरून तारा ओढत होता. हवानातल्या पोरांनी तेव्हा आपलं आपणच एक जाळं विणलं होतं. बाहेरच्या जगाचं इंटरनेट त्यात नव्हतं. या घरातलं यंत्र त्या घरातल्या यंत्राला जोडायचं, ही गल्ली त्या गल्लीला, आणि पाण्याच्या टाकीवर अँटेना लावून हा मोहल्ला पलीकडच्या मोहल्ल्याला. त्यावर पोरं लढाईचे खेळ खेळायची, सिनेमे एकमेकांना द्यायची, म्हातारी माणसं गप्पा मारायची. प्रत्येक भागाचा एक सांभाळणारा असे. इदाल्मिसच्या इमारतीचं आणि आजूबाजूच्या त्रेचाळीस घरांचं ठाणं तिच्याच बैठकीच्या खोलीत होतं, टीव्हीच्या शेजारी, तारा खोचलेली एक पेटी आणि वर पंखा. अर्नेल ते सांभाळायचा. मग तो इक्वादोरला, किटो शहरात निघून गेला, तिकडे कामं मिळत होती, आणि जाण्याआधी एक दुपार त्याने आईला समोर बसवली.

"हे बघ आई, प्रत्येक यंत्राच्या पोटात एक कार्ड असतं, आपण तार खुपसतो ते. त्याच्यावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो. त्याला मॅक म्हणतात."

"म्हणजे ओळखपत्राचा नंबर."

"हो. आणि आपल्या जाळ्यात त्याला राहायला जी जागा देतो ना, तो आयपी. तो आपण ठरवायचा. यंत्र उचलून दुसऱ्या मोहल्ल्यात नेलं की आयपी बदलतो, मॅक तोच राहतो."

"घर बदललं की रेशनच्या वहीवरचा पत्ता बदलतो, तसं."

"तसंच. आता समज, मला सेवेरिनो मास्तरांच्या यंत्राला काही पाठवायचंय. माझं यंत्र सगळ्या गल्लीला हाक मारतं, एक्केचाळीसमध्ये कोण राहतं? सगळी ऐकतात आणि गप्प बसतात. मास्तरांचं तेवढं म्हणतं, मी राहतो, हा घ्या माझा नंबर. मग सामान त्या नंबरावर रवाना."

"एवढंच?"

"एवढंच. ही वही. डावीकडे नंबर, मधे पत्ता, उजवीकडे माणूस. नंबर यादीत असला तर पेटी आपणहून दार उघडते आणि ठरलेला पत्ता देते. नसला तर नाही."

इदाल्मिस हसली. "अरे, मग ही माझीच कचेरी की."

आणि खरंच, वर्षभरात ती त्या कामात अशी मुरली की लोक अर्नेलला विसरले. तारेच्या टोकाला खटका बसवायला ती शिकली. वादळ आलं की दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीवर चढून अँटेना सरळ करायची. कुणाचं यंत्र बंद पडलं तर जिन्यातूनच हाक यायची, "इदाल्मिस, माझं गेलं बघ," आणि ती वही न उघडता सांगायची, "तुझं सतरा नंबर, तारच निसटली असेल, खुर्चीचा पाय बघ." वरच्या मोठ्या ठाण्याचा तामायो म्हणून एक गंभीर माणूस होता, तिचा वरिष्ठ म्हणा हवं तर. नियम त्याचे: राजकारण नको, घाणेरडी चित्रं नकोत, कुणाची बदनामी नको. मोडला तर तार कापायची. इदाल्मिसला नियम आवडायचे.

तिच्या घरात तेव्हा तिचा धाकटा भाऊ उबाल्दो राहत होता. बायकोने घराबाहेर काढल्यावर दोन आठवड्यांसाठी म्हणून आला आणि मागच्या खोलीत रुतला. बसगाड्यांच्या कारखान्यात कामाला जायचा, संध्याकाळी अर्नेलचं जुनं यंत्र लावून बसायचा. ते यंत्र वसंतात बंद पडलं होतं, तेव्हा कारखान्यातल्या कुणाकडून तबकडी आणून त्याने ते सगळं पुसून नव्याने भरलं होतं. इदाल्मिसला त्याचं कौतुक वाटलं होतं. उबाल्दो स्वतः होऊन काही करतोय, हेच नवल.

आणि तिसऱ्या मजल्यावर सेवेरिनो मास्तर. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, अर्नेलचेही मास्तर तेच. बायको गेल्यावर पाय सुजायला लागले आणि जिना त्यांना डोंगर झाला. सकाळी एकदा पावासाठी उतरायचे, बाकी दिवस यंत्रापुढे. जाळ्यावर कुणी एक बुद्धिबळातला सोबती त्यांनी गाठला होता आणि दोघे रोज सकाळी दहाच्या ठोक्याला डाव मांडायचे. माणूस सज्जन होता, पण गोड नव्हता. इदाल्मिसने एकदा जिन्यात सूचना लावली की मंगळवारी दुरुस्तीसाठी जाळं बंद राहील. तासाभराने पाहते तर चार शब्दांखाली लाल पेन्सिलच्या रेघा. स्पॅनिशमध्ये ब आणि व ऐकायला सारखेच, तिथे बच्या जागी व, वच्या जागी ब, सगळं दुरुस्त करून खाली सही. येणारा-जाणारा ते वाचून हसत होता. तिने कागद काढून फाडला आणि कुणाला काही बोलली नाही. ज्या रागाचा उच्चार होत नाही तो आत मुरतो, तसं झालं.

त्यानंतर काही दिवसांनी मास्तर तक्रार करायला लागले. "माझी जोडणी लुकलुकते," ते कठड्यावरून सांगायचे. "सकाळी ठीक असते. संध्याकाळी येते-जाते, येते-जाते."

"यंत्र जुनं झालंय तुमचं, मास्तर."

"जुनं यंत्र फक्त संध्याकाळी जुनं होतं का?"

तिने बघते म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही. गंमत म्हणजे मागच्या खोलीतून उबाल्दोही तेच ओरडायचा, येतंय-जातंय म्हणून. दोन्ही तक्रारी तिने ऐकल्या, पण शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत.

मे महिन्यातला एक रविवार. पहिल्या मजल्यावरची नेरेइदा सकाळीच वर आली. नेरेइदा म्हणजे तोंडाची तलवार, पाण्याच्या पंपावरून, जिन्यातल्या सायकलवरून, कशावरूनही भांडणारी. त्या दिवशी मात्र ती रडत होती, आणि तिचं रडणं इदाल्मिसने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझं ते मशीन उघड," ती म्हणाली. "सगळ्यांनी वाचलंय. मलाच शेवटी कळलं."

जाळ्यावर सगळ्यांनी लिहायचा एक फळा होता. तिथे आदल्या संध्याकाळी कुणीतरी खोट्या नावाने नेरेइदाच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. दानायचं एका वयस्कर इटालियन माणसाशी लग्न ठरलं होतं. मजकुरात फ्रिजच्या बदल्यात मुलगी कशी दिली जाते त्याचं वर्णन होतं, आणि त्याच्या खाली आणखी जे होतं ते इदाल्मिसला मोठ्याने वाचवेना.

"कोण आहे तो, सांग," नेरेइदा म्हणाली. "तुला सगळ्यांचे नंबर पाठ आहेत."

फळ्यावर लिहिणाऱ्याचा पत्ता उमटतो. एक्केचाळीस. त्या पत्त्यावर कुठला नंबर होता ते पेटीने सांगितलं, आणि वहीत त्या नंबरापुढे अर्नेलच्या अक्षरात नाव होतं: सेवेरिनो मास्तर, तिसरा मजला.

पुढे इदाल्मिसने या क्षणाची आठवण किती वेळा काढली असेल त्याला गणती नाही. धक्का बसायला हवा होता, निदान अचंबा वाटायला हवा होता. तिला बरं वाटलं. छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. लाल पेन्सिलवाले शुद्ध, निर्मळ मास्तर, आणि आतून हे असे.

ती नेरेइदाला म्हणू शकली असती, थांब, खात्री करते. खात्री करायला दोन मिनिटं लागली असती. ती जिन्यात गेली, नेरेइदा मागोमाग.

मास्तर पाव घेऊन वर चढत होते, दोन पायऱ्या चढायचे, थांबायचे. रविवार असल्याने दारं उघडी होती. इदाल्मिसने दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना अडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मास्तरांनी पावाची पिशवी कठड्याला टांगली. "मी लिहिलं नाही," ते म्हणाले.

"तुमच्या यंत्रावरून लिहिलंय."

"माझ्या यंत्रावरूनही लिहिलेलं नाही. माझ्याकडे माझ्याखेरीज कुणी येत नाही."

"मास्तर, नंबर कारखान्यात कोरलेला असतो. दोन यंत्रांना एक नंबर नसतो. माणूस खोटं बोलतो, नंबर बोलत नाही."

"नसतो, हे तुला कुणी सांगितलं? कोरणारीही माणसंच ना. चूक करत नाहीत ती?"

खालून कुणीतरी हसलं. इदाल्मिसही हसली. "एकोणीस वर्षं नंबरांत काढलीत मी. मला नका शिकवू."

मास्तरांनी मग नेरेइदाकडे पाहिलं. "बाई, तो मजकूर मीही सकाळी फळ्यावर वाचला. त्यात चार ठिकाणी व्याकरण चुकलंय. दुसरं काही नाही तरी एवढं तरी ध्यानात घ्या."

"ऐकलंत?" नेरेइदा सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "माझ्या पोरीची अब्रू गेली आणि याला व्याकरण सुचतंय."

"मुद्दाम चुकवलं असेल," वरून कुणी म्हणालं. "ओळखू येऊ नये म्हणून."

मास्तरांनी पिशवी काढून घेतली. "मी लिहिलं नाही हे मी सांगितलं. त्यासाठी दाखला आणायला मी कुणाकडे जाणार नाही." आणि दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, असे वर गेले. दार लागायला बराच वेळ लागला.

तामायोने महिनाभराची बंदी सांगितली. इदाल्मिसने यादीला हात लावला नाही, महिन्याने पुन्हा कुठे लिहीत बसा, म्हणून तिने पेटीतून मास्तरांची तार तेवढी उपटली, गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

पुढचे अठरा दिवस तिला लोकांनी डोक्यावर घेतलं. दानायने लग्नासाठी केलेल्या पेरूच्या वड्या आणून दिल्या. रेशनच्या दुकानात रांगेत बायका म्हणायच्या, हिच्यापासून काही लपत नाही. त्याच रांगेत मास्तर शेवटी उभे असायचे आणि त्यांच्या पुढे लोक येऊन घुसायचे. एका सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर कुणीतरी खरकटं ओतलं होतं. इदाल्मिसने ते पाहिलं. केरसुणी आणायला ती वळलीही होती, पण मग वाटलं, आपण का. मास्तरांनी ते स्वतः काढलं, वाकता येत नव्हतं म्हणून स्टुलावर बसून.

उबाल्दोचं येतंय-जातंय त्या दिवसांत थांबलं होतं. जेवताना तो खाली मान घालून भात-घेवडा संपवायचा आणि उठून जायचा. लोकांत आपला वाढलेला मान त्याला खुपत असेल, असं तिला वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दारावर काठीची टकटक झाली. ऐंशीच्या घरातला, घामाने डबडबलेला माणूस, इस्त्री केलेला सदरा.

"जाळं सांभाळणाऱ्या बाई इथेच राहतात ना? माझं नाव तिबुर्सिओ. सेर्रो मोहल्ल्यातून विचारत विचारत आलो. दोन बस बदलल्या." तो खुर्चीवर बसला आणि श्वास जुळवत राहिला. "तुमच्याकडे एक्केचाळीस नंबर आहे. मी त्याच्याशी बुद्धिबळ खेळतो. खरं नाव मला माहीत नाही, तो ‘म्हातारा घोडा’ असं टोपणनाव लावतो. चार वर्षं खेळतोय. बाई, त्याला काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"अठरा दिवस तो डावाला आलेला नाही. मी रोज त्याच्या यंत्राला हाक मारतो. दहाला मारली तर काही नाही. पण संध्याकाळी मारली की यंत्र ओ देतं. जिवंत आहे यंत्र. माणूस बोलत नाही. मला वाटलं, चालू यंत्राशेजारी पडून आहे की काय. एकटा राहतो म्हणायचा. आज सकाळीही बघितलं, ओ देतंय. मग म्हटलं आता जायलाच हवं."

"चुकतंय तुमचं," इदाल्मिस म्हणाली. "त्याची तार माझ्या कपाटात आहे."

"मारून बघा की हाक."

तिने यंत्र लावलं आणि एक्केचाळीसला हाक मारली. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या, एकाखाली एक. ओ. ओ. ओ. कपाट उघडून तिने तार तिथे आहे ना ते पाहिलं. होती.

मग ती पेटीजवळ गेली आणि एकेक तार उपटायला लागली. एक उपटायची, पडद्याकडे बघायचं, ओळी चालूच, परत खोचायची. जिन्यातून आरडाओरडा सुरू झाला. "इदाल्मिस, माझं गेलं." "आलं." "अगं काय खेळतेस?" चाळीसेक तारा झाल्या. शेवटी एक निळी तार उरली. ती कुठे जाते हे तिला पेटीकडे न बघताही माहीत होतं. भिंतीच्या कडेने जाऊन ती मागच्या खोलीच्या दारात शिरत होती. उबाल्दो कामावर गेला होता, यंत्र तसंच चालू ठेवून.

तिने ती उपटली. ओळी थांबल्या.

हे इतकं सोपं होतं. तिला त्या रविवारी हे करता आलं असतं, नेरेइदा तिथेच रडत असताना. वही लागत नव्हती, अर्नेल लागत नव्हता. हात पुढे करायचा होता फक्त.

"सापडलं?" तिबुर्सिओने विचारलं.

"पेटीतच काहीतरी बिघाड आहे," ती म्हणाली. "कधी कधी असं दाखवते. तुमचा मित्र धड आहे. तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार. सेवेरिनो मास्तर म्हणतात त्यांना."

"सेवेरिनो," म्हातारा पुटपुटला, ते नाव तो जिभेवर ठेवून बघत होता. मग आभार मानून काठी टेकत वर गेला. थोड्या वेळाने वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. इदाल्मिस पेटीसमोर तशीच बसून होती. एका म्हाताऱ्या माणसाला तिने तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि तो तिचे आभार मानून गेला होता.

उबाल्दो दुपारी जेवायला आला तेव्हा तिने ताट वाढलं नाही.

"तू लिहिलंस."

त्याने विचारलंही नाही की काय. "तिने मला रांगेत, सगळ्यांसमोर, बहिणीच्या ताटातला फुकट्या म्हटलं. मला वाटलं लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील."

"आणि मास्तर? अठरा दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास."

"मास्तरांचं नाव मी घेतलं का?" उबाल्दोने मान वर केली. "मी खोटं नाव लावलं होतं, पण ते कुणाचंच नव्हतं. मास्तरांचं नाव तू घेतलंस, इदा. जिन्यात उभी राहून. मी खोलीत ऐकत होतो आणि मला कळेना की ही त्यांना कुठून ओढतेय."

तो उठला आणि सामान भरायला लागला. तिने अडवलं नाही.

तरीही ती लगेच कुणाला बोलली नाही. हे सांगायलाच हवं, कारण पुढे ती स्वतः सांगताना हे कधी वगळत नसे. पाच दिवस ती गप्प राहिली. बंदीचे सात-आठ दिवसच उरलेत, तार आपण गुपचूप परत खोचू, हळूहळू सगळं निवळेल, असे हिशोब ती करत होती. रांगेत बायका बोलल्या की ती हसायची. चौथ्या दिवशी जिन्यात मास्तर समोरून आले आणि त्यांना वाट देण्याऐवजी ती परत घरात शिरली, काहीतरी विसरल्यासारखं करून.

पाचव्या दिवशी किटोहून अर्नेलचा फोन आला. दोन यंत्रांचा नंबर एकच कसा, असं तिने विचारलं.

"आई, माझं आणि मास्तरांचं, दोन्ही कार्डं एकाच पिशवीतली होती. पनामाहून कुणीतरी आणलेली, एकदम स्वस्त. दोघांवर एकच नंबर होता. मी माझ्या यंत्रात कळा दाबून दुसरा नंबर लावला होता, तसा लावता येतो. मामाने यंत्र पुसलं तेव्हा तो उडाला असेल आणि मूळचा वर आला असेल. मग दोघं एकाच पत्त्यावर. मी वहीत लिहायला विसरलो गं. माझीच चूक."

क्षणभर तिला किती हलकं वाटलं. मुलाची चूक, स्वस्त कार्डाची चूक, भावाची चूक. सगळं वाटून दिलं तर तिच्या वाट्याला जेमतेम काही उरत होतं. आणि मग तिला ती ऊब आठवली, मास्तरांचं नाव वाचताना छातीत पसरलेली. ती कुणाला वाटून देणार?

"तुझी नाही," ती म्हणाली. "मला खरं करून घ्यायचंच नव्हतं."

फोन ठेवून ती वर गेली. मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. आत टेबलावर लाकडी पट मांडलेला होता, डाव अर्धवट. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निळी तार, उबाल्दो, कार्डं. पाच दिवसही सांगितले. माफी मागताना तिचा आवाज इतका बारीक झाला की त्यांना कानामागे हात धरावा लागला.

"कुठे बोलली होतीस?" ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"काय?"

"माझ्याबद्दल. इथे, दारात, अशी हळू आवाजात बोलली होतीस का?"

"नाही."

"मग जा," मास्तर म्हणाले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत तीसेक माणसं होती. इदाल्मिस रांगेत शिरली नाही, पुढे जाऊन उभी राहिली. घरातून निघताना तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळून गेली. "मास्तरांनी काही लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या घरातून लिहिलं गेलं. माझ्या भावाने लिहिलं. मी न बघता मास्तरांवर घातलं. बघायला दोन मिनिटं लागली असती, मी बघितलं नाही." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "मला ते खरं असावं असंच वाटत होतं."

दुकानदाराने हातातला पाव तसाच धरला होता. नेरेइदा मधेच कुठेतरी होती. ती रांग सोडून पुढे आली, इदाल्मिसच्या अगदी जवळ.

"तुझ्या घरातून," ती म्हणाली. "आणि मी तुझ्याच घरी येऊन रडले." पाव न घेता ती निघून गेली. दानायच्या लग्नाला सगळी इमारत गेली, इदाल्मिसला बोलावणं आलं नाही.

तामायो संध्याकाळी आला. ओरडला नाही, ते जास्त कठीण होतं. "ठाणं काढून घ्यावं लागेल तुझ्याकडून," तो म्हणाला. तिने वही आधीच टेबलावर काढून ठेवली होती. कार्डांची गोष्ट तिने वहीत स्वतः लिहिली होती, ठळक अक्षरात. पेटी दोन दिवसांनी समोरच्या घरातल्या इंजिनिअर बाईकडे गेली. पण त्याआधी इदाल्मिसने मास्तरांची तार जोडली. नवी टोकं बसवली, गुडघे धरत गच्चीवरून तार नीट बांधली. मास्तर यंत्राशी बसून होते. तार लागल्याचं त्यांनी तपासलं आणि मान डोलावली.

ती निघताना ते म्हणाले, "आता सगळे नमस्कार करतात. कालच कुणी माझी पिशवी वर आणून दिली. खरकटं ओतलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. त्याच माणसांचा नमस्कार घ्यायला फार जड जातंय." ते तिला दोष देत नव्हते, नुसतं सांगत होते. ती खाली मान घालून पायऱ्या उतरली. तिच्या आणि मास्तरांच्या बोलण्यात त्यानंतर सुप्रभातच्या पलीकडे काही आलं नाही.

तिबुर्सिओ मात्र आता दर गुरुवारी यायचा. पटावर हात ठेवून खेळण्यात मजा आहे म्हणायचा. तिसरा मजला त्याला एका दमात झेपत नसे, म्हणून दुसऱ्या मजल्यावर तो इदाल्मिसकडे टेकायचा आणि पाणी मागायचा. तीन गुरुवार तिने नुसतं पाणी दिलं. चौथ्या गुरुवारी पेला त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. पेटीत बिघाड नव्हता."

"माहीत आहे," तिबुर्सिओ म्हणाला.

"मास्तरांनी सांगितलं?"

"नाही. तू निळी तार काढलीस आणि ओळी थांबल्या. तार कुठे जाते ते मी इथूनच बघत होतो, याच खुर्चीतून." त्याने पाणी संपवलं. "वर गेल्यावर सेवेरिनोने मला बंदीचं सगळं सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. मी त्याला बोललो नाही. म्हटलं, बघू, ही बाई किती दिवस घेते."

इदाल्मिसने पेला घेण्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. ते पाच दिवस आपण एकट्याच त्या गोष्टीसोबत होतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

"पाच घेतले," ती म्हणाली.

"हो. मी मोजत होतो." म्हाताऱ्याने काठी सावरली, कठड्याला हात घातला आणि उरलेला जिना चढायला लागला.